चुसॉक आणि ख्रिस्ती घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पौर्णिमा जवळ आली की कोरियातल्या ख्रिस्ती घरांत दरवर्षी तोच विषय निघतो. गावी तर जायचं, पण सकाळी सगळे पूर्वजांपुढे वाकतील तेव्हा आपण काय करायचं? कोरियात राहणारी, कोरियन घरात लग्न झालेली किंवा पुण्याच्या आसपास कोरियन सहकाऱ्यांबरोबर काम करणारी मराठी माणसंही हे प्रश्न विचारतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

चुसॉक म्हणजे काय आणि तो कधी येतो?

कोरियन चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे चुसॉक. हांगावी हे त्याचं जुनं देशी नाव. आदला दिवस, सण आणि दुसरा दिवस अशी तीन दिवस सरकारी सुट्टी असते. २०२६ साली चुसॉक २५ सप्टेंबरला, शुक्रवारी आहे आणि २०२७ साली १५ सप्टेंबरला, बुधवारी. मराठी वाचकाला सोपी खूण म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आसपासची पौर्णिमा. मात्र अधिक महिना दोन्ही पंचांगांत एकाच वर्षी येईल असं नाही. २०२५ मध्ये कोरियन पंचांगात सहावा महिना दोनदा आला आणि चुसॉक थेट आपल्या कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला पडला.

हा मुळात कापणीचा सण. ११४५ साली लिहून झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात सिल्ला राज्याच्या युरी राजाच्या काळातली विणकामाची स्पर्धा नोंदवली आहे. स्त्रियांचे दोन गट महिनाभर विणत आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला हरलेला गट जिंकलेल्यांना जेवू घाली. त्या नोंदीत पूर्वजांचं नाव नाही, आहे ते काम, खाणंपिणं आणि गाणं. म्हणजे चुसॉक आणि पूर्वजपूजा एकच, हे समीकरण वाटतं तितकं पक्कं नाही.

मग ख्रिस्ती माणसाची अडचण नेमकी कुठे येते?

सणाच्या सकाळी होणाऱ्या ‘चार्ये’ या विधीत. पडद्यापुढे टेबल मांडतात. त्यावर नव्या तांदळाचे सोंगप्यॉन (वाफवलेल्या करंज्या), फळं, भाज्या, मासे, मांस आणि मद्य ठेवतात. मधोमध ‘जिबांग’ असतो: साधारण २२ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पांढऱ्या कागदाची पट्टी, तिच्यावर मृताची ओळख. या मजकुराचा शेवट ‘शिनवी’ या शब्दाने होतो, म्हणजे आत्म्याचं आसन. उदबत्ती लावून मद्य अर्पण करतात, सगळे दोनदा साष्टांग वाकतात, शेवटी जिबांग जाळतात आणि मांडलेलं अन्न सगळे मिळून खातात.

यातलं प्रत्येक पाऊल वेगळं तपासावं. आईवडिलांची आठवण काढण्याला, एकत्र जेवण्याला, थोरल्यांना मान देण्याला कुठलीच मंडळी (म्हणजे चर्च) हरकत घेत नाही. मृताचा आत्मा कागदावर येऊन बसतो, अन्न घेतो आणि घराला सुख देतो, हे गृहीतक धरून जे केलं जातं तिथे वाद आहे. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२६:१४) दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, देणारा इस्राएली शपथेवर सांगतो की यातलं काही मी मृतांसाठी दिलेलं नाही. कापणीच्या सणाला पूर्वजांच्या ताटाचा प्रश्न येतो, तो त्या वचनाइतका जुना आहे.

कॅथलिकांना वाकलेलं चालतं, प्रॉटेस्टंटांना चालत नाही. असं का?

१७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी चीनमधल्या पूर्वजविधींवरची बंदी कायम केली. १७९० मध्ये बीजिंगच्या बिशपांकडून ती कोरियाच्या नवख्या मंडळीला कळली. पुढच्याच वर्षी जिनसान गावच्या पॉल युन जी-चुंग आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभावाच्या नात्यातले जेम्स क्वॉन सांग-यॉन यांनी घरातल्या पूर्वजपाट्या, म्हणजे पूर्वजांची नावं लिहिलेल्या लाकडी पाट्या, जाळल्या. ज्या समाजात आईवडिलांची सेवा हाच राज्याचा पाया, तिथे हा देशद्रोह ठरला. ‘ना बाप मानतात, ना राजा’ हा आरोप ख्रिस्ती लोकांवर पुढे शंभर वर्षं चिकटून राहिला. दोघांना ८ डिसेंबर १७९१ रोजी जॉन्जूमध्ये मृत्युदंड झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सेऊलला येऊन त्यांना आणि इतर हुतात्म्यांना, एकूण १२४ जणांना, ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

आता योगायोग पाहा: ८ डिसेंबर १९३९ रोजी रोमने भूमिका बदलली. मृतांच्या प्रतिमेपुढे किंवा नाव लिहिलेल्या पाटीपुढे वाकणं हा नागरी आदर मानता येईल, असं ठरलं. ज्यासाठी माणसं मेली ती गोष्ट दीडशे वर्षांनी अटींसह मान्य झाली. आजही कोरियन कॅथलिकांना ही गोष्ट सहज पचत नाही, आणि पचू नयेच.

प्रॉटेस्टंट मिशनरी १८८०च्या दशकात आले आणि त्यांनी पूर्वजविधी सुरुवातीपासून नाकारले. वाकण्याबद्दलचा कडवेपणा मात्र जपानी राजवटीत वाढला. १९३८ मध्ये पोलिसांच्या दडपणाखाली प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या महासभेने ‘शिंतो देवळापुढे वाकणं ही धर्मबाह्य नागरी कृती आहे’ असा ठराव केला. तो न मानणारे पाळक जू गी-चॉल १९४४ मध्ये प्याँगयांगच्या तुरुंगात मेले. ‘हा फक्त आदर आहे हो, पूजा नाही’ हे वाक्य कोरियन प्रॉटेस्टंट कानाला आजही का टोचतं, ते यावरून कळेल.

कॅथलिक घरात विधी कसा करतात?

आदल्या दिवशी घर झाडूनपुसून घेतात, जमल्यास पापनिवेदन करतात. सणाच्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकतात. बहुतेक पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) त्या मिस्सात कुटुंबांच्या मृतांची नावं घेतली जातात. नावं आधी द्यावी लागतात, त्यामुळे सणाच्या सकाळी कार्यालयापुढे उभं राहून उपयोग नाही.

घरी टेबलावर क्रूस, मृताचा फोटो किंवा नुसतं नाव, मेणबत्त्या, फुलं आणि उदबत्ती ठेवतात. ‘शिनवी’ हा शब्द लिहायचा नाही. अन्न नसलं तरी चालतं. ठेवलं तर घरच्यांना आवडणारं आणि साधं. क्रमही साधा आहे: क्रूसाची खूण, गीत, शास्त्रवाचन, घरातल्या वडीलधाऱ्यांचे चार शब्द, उदबत्ती आणि वाकणं, मृतांसाठी प्रार्थना, शेवटचं गीत, मग जेवण. आत्म्याला बोलावणारा मजकूर वाचणं आणि त्याला निवांत जेवता यावं म्हणून दार लावून बाहेर थांबणं, या दोन गोष्टी वर्ज्य आहेत. आणि हा विधी परवानगी आहे, बंधन नाही. ज्याला नको त्याने फक्त मिस्सा केली तरी पुरे.

प्रॉटेस्टंट कुटुंबाची घरची उपासना कशी बसवायची?

कोरियन भाषेत तिला ‘चुदो येबे’ किंवा ‘चुमो येबे’ म्हणतात, म्हणजे स्मरणाची उपासना. चुसॉकला पुष्कळ मंडळ्या मुद्दाम ‘उपकारस्तुतीची उपासना’ म्हणतात, कारण उपासना मृताची होत नाही. वेळ वीस ते पंचवीस मिनिटं. त्याहून लांबली की मुलं चुळबुळतात आणि स्वयंपाकघरात रस्सा निवतो.

बहुतेक चर्च सणाआधीच्या रविवारी छापील पत्रक देतात. ते नसेल तर असा क्रम धरा: एक मिनिट शांतता, प्रेषितांचा विश्वासांगीकार, एक गीत, घरातल्या कुणाची तरी प्रार्थना, दहा-बारा वचनांचं वाचन, पाच मिनिटांचा बोध, मग गेलेल्या माणसाबद्दल एकेकाने एक आठवण, दुसरं गीत आणि प्रभूची प्रार्थना. चालवणारा पुरुषच हवा असं नाही. आजी विश्वासात सगळ्यांत जुनी असेल तर आजीने चालवावी.

चुका ठरलेल्या असतात. जेवणाचं टेबल फोटोपुढे मांडून उपासना केली की खोलीत शिरणाऱ्याला ती चार्येच दिसते. म्हणून उपासना संपेपर्यंत अन्न स्वयंपाकघरातच ठेवा आणि फोटो बाजूच्या कपाटावर, किंवा आठवणींच्या वेळी अल्बम हातोहात फिरवा. प्रार्थनेत ‘आजोबा, आमच्यावर लक्ष ठेवा’ असं भावनेच्या भरात तोंडून जातं. प्रॉटेस्टंट प्रार्थना मृताला उद्देशून नसते आणि मृतासाठीही नसते. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानता येतात. तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते: विश्वास न ठेवणारे काका समोर बसलेत म्हणून पाच मिनिटांचा बोध त्यांच्यावर रोखायचा. पुढच्या वर्षी काका येत नाहीत.

आजोबा स्वतः ख्रिस्ती नव्हते, तर? त्यांच्या कष्टांबद्दल, त्यांनी शिकवलेल्या गोष्टींबद्दल आभार माना. ते आता कुठे आहेत यावर निवाडा देण्याची ती जागा नव्हे.

कोणते शास्त्रपाठ घ्यावेत?

अनुवाद १६:१३-१५ कापणीच्या सणाला अगदी नेमका बसतो. त्यात अनाथ, विधवा आणि परकाही पंक्तीला आहेत. कारखान्यांत परदेशी कामगार असलेल्या आन्सानसारख्या शहरात तो परका शेजारच्याच खोलीत राहतो. अनुवाद २६:१-११, स्तोत्र ६५ आणि स्तोत्र १०३ नेहमीचे. भावंडांत जमिनीवरून धुसफूस असेल तर लूक १२:१३-२१ (वारशाच्या वाटणीवरून येशूने सांगितलेली गोष्ट) टाळू नका, पण त्यावर बोधही देऊ नका. नुसतं वाचलं तरी पोचतं.

घरातले बाकीचे ख्रिस्ती नाहीत. चार्येच्या वेळी काय करावं?

२०१५ च्या जनगणनेत १९.७ टक्के कोरियन प्रॉटेस्टंट, ७.९ टक्के कॅथलिक, १५.५ टक्के बौद्ध आणि ५६.१ टक्के कुठलाच धर्म न सांगणारे होते. त्यामुळे मिश्र घरं सर्रास आहेत.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे हा विषय सणाच्या सकाळी, टेबल मांडल्यावर काढणं. तेव्हा तुमचा नकार मृत आजोबांना नसतो, सगळ्या नात्यागोत्यासमोर जिवंत वडिलांना असतो. तीन-चार आठवडे आधी, रेल्वेची तिकिटं काढण्याच्या सुमारास फोन करा. फोन घरातल्या मोठ्यांनाच करा. वहिनीमार्फत निरोप नको. आधी काय करणार ते सांगा: आदल्या दिवशी सकाळीच येतो, बाजाराचा खर्च वाटून घेतो, स्वयंपाकाला आणि भांड्यांना हात लावतो, कबरीवर बरोबर येतो. मग काय करणार नाही ते एका वाक्यात: मद्य ओतणार नाही, वाकणार नाही. आणि लगेच विचारा, ‘त्या वेळी मी कुठे उभा राहू?’ या प्रश्नाने मोठ्यांच्या हाती काहीतरी राहतं. बहुतेक घरांत उत्तर येतं, ‘मागे उभा राहा.’ मग मागे मान खाली घालून, हात जुळवून शांत उभं राहायचं. मोबाइल खिशात.

वाकायचं नाही म्हणून घरीच न जाणं हा सोपा मार्ग वाटतो, पण नातेवाईक त्याचा अर्थ एकच काढतात: याने आईबाप सोडले. दोनशे वर्षांपूर्वीचा आरोप तुम्ही स्वतःच खरा करून देता.

जिवंत मोठ्यांना मात्र गुडघे टेकून रीतसर मोठा नमस्कार करा. त्याला ‘खुनजॉल’ म्हणतात. जिवंताला एकदा वाकतात, मृताला दोनदा. हा फरक कोरियन माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो, म्हणून तुमचा एकदाचा नमस्कार कुणी चुकीचा समजत नाही.

चार्येसाठी स्वयंपाक करणं किंवा ते अन्न खाणं पाप आहे का?

स्वयंपाकाबद्दल पाळकांची मतं वेगवेगळी आहेत. बहुतेक जण तो घरकामाचाच भाग धरतात. कुणाचं मन खात असेल तर त्याने भाज्या निवडाव्यात, पण टेबल मांडू नये. खाण्यासाठी १ करिंथकरांस ८ आणि १०:२५-२८ वाचा. पुढे आलेलं मुकाट्याने खावं. ‘हे पूर्वजांना वाहिलेलं आहे, खा म्हणजे आशीर्वाद मिळेल’ असं कुणी स्पष्ट बजावून दिलं तर नम्रपणे सोडावं. प्रत्यक्षात तळलेल्या पदार्थांच्या ढिगावर असं बजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

थोरला मुलगाच ख्रिस्ती झाला तर?

हे सगळ्यांत अवघड, कारण विधीची जबाबदारी परंपरेने त्याच्याकडेच येते. इथे घाई करू नये. आई हयात असेल तर बदल तिच्या डोळ्यांदेखत आणि तिच्या संमतीने व्हावा. काही घरांत धाकटा भाऊ चार्ये चालवतो आणि थोरला जेवणाचा खर्च उचलतो. काही घरांत एका सकाळी आधी चार्ये आणि मग उपासना होते. ही तडजोड दोन-तीन वर्षं टिकते, पुढे बहुधा एका बाजूला कलते. लाकडी पूर्वजपाट्या घरात असतील तर त्या भावाकडे किंवा कुळाच्या मंडळाकडे सोपवा. जाळू नका. जिनसानला काय झालं ते वर आलंच आहे.

सोंगप्यॉन ख्रिस्ती घरात चालतात ना? कसे करतात?

चालतात म्हणजे काय, चर्चच्या तळघरात वयस्क बायका परातीच्या परात वळतात! नव्या तांदळाच्या पिठाची ही अर्धचंद्राकृती, वाफवलेली करंजी.

भिजवलेल्या तांदळाचं ओलसर पीठ ५०० ग्रॅम घ्या. त्यात एक छोटा चमचा मीठ आणि उकळतं पाणी थोडं थोडं, एकूण १०० ते १३० मिलिलिटर. मोदकाच्या उकडीसारखं पीठ भांड्यात शिजवायचं नाही. वरून कढत पाणी घालायचं आणि निदान दहा मिनिटं मळायचं. भारतातल्या कोरड्या पिठीला पाणी बरंच जास्त लागतं, वाटीला पाऊण ते एक वाटी. सारणासाठी ८० ग्रॅम भाजून भरडलेले तीळ, ५० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा मध आणि चिमूटभर मीठ. वीस ग्रॅमची गोळी, तिच्यात एक छोटा चमचा सारण, कडा बंद करून मुठीत दोन-तीनदा दाबायचं. साधारण तीस होतात.

वाफेच्या भांड्यात पाइनच्या सुया पसरून त्यावर ठेवतात आणि जोरदार वाफेवर वीस ते पंचवीस मिनिटं शिजवतात. मग थंड पाण्याचा झटका आणि तिळाच्या तेलाचा हात. चिरा पडल्या तर पीठ कोरडं किंवा गार झालं होतं. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा. वाफेत फुटले तर आत हवा राहिली होती, दाबायला विसरलात. पाइनच्या सुया रस्त्याकडेच्या झाडाच्या घेऊ नका, कारण कोरियात पाइनच्या रोगासाठी झाडांना औषध टोचतात. खाण्यासाठी म्हणून विकत मिळतात त्याच घ्या. पुण्यात हळदीचं पान वापरता येईल. वास वेगळा येईल, पण वाईट नाही.

कबरीवर कसं जायचं?

सणाच्या दोन-तीन आठवडे आधी गवत कापतात, त्याला ‘बॉलचो’ म्हणतात, आणि सणाला भेट देतात ती ‘सॉंगम्यो’. ख्रिस्ती कुटुंब मद्य ओतण्याऐवजी फुलं ठेवतं, एक वचन वाचतं आणि प्रार्थना करतं. डोंगरदेवतेचं अर्पण वगळतात.

गवत कापायला जाताना अध्यात्माइतकंच बूट आणि गॉगल महत्त्वाचे. या दिवसांत गांधीलमाशा जोरात असतात. अत्तर लावू नका, फिके कपडे घाला, लांब काठीने गवत चाळवून मग यंत्र चालू करा. कापणी-यंत्राने उडालेला दगड डोळ्यात किंवा नडगीवर बसतो. गवतावर सरळ बसू नका. शरद ऋतूत माइटच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. दोन-तीन आठवड्यांत ताप आणि चाव्याच्या जागी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ‘डोंगरावर गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.

आता ९० टक्क्यांहून अधिक मृतांचं दहन होतं, त्यामुळे अनेकांची भेट अस्थिगृहात होते. तिथे सणाच्या दिवशी प्रचंड गर्दी असते, मेणबत्त्या पेटवू देत नाहीत, आणि एका कोनाड्यापुढे गीत गायला लागलात तर मागची रांग खोळंबते. आठवडाभर आधी जा.

कबर उत्तर कोरियात असेल तर?

कोरियन युद्धात ताटातूट झालेली कुटुंबं सीमेजवळच्या इम्जिनगाक इथे जमतात. तिथे १९८५ मध्ये उत्तरेकडे तोंड करून वंदन करण्यासाठी वेदी बांधली आहे. सेऊलच्या यंगनाक चर्चसारख्या मंडळ्या तर उत्तरेतून आलेल्या निर्वासितांनीच १९४५ मध्ये उभ्या केल्या. ही घरं उपासनेत गावाचं, वाडीचं, नदीचं नाव घेतात, म्हणजे नातवंडांना ते पाठ होतं.

सगळा भार सुनांवर पडतो. विश्वासाच्या नावाखाली तेच चालू ठेवायचं का?

नाही, आणि चार्ये ज्या कन्फ्यूशियन परंपरेतला, तिचा आधारही आता त्याला उरलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सॉंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन संस्थेच्या समितीने जाहीर केलं की चुसॉकच्या टेबलावर सोंगप्यॉन, भाजी, भाजलेलं मांस, किमची, फळं आणि मद्य इतकं पुरे. फार तर नऊ पदार्थ, तळणाची गरज नाही. जिबांगऐवजी फोटोही चालेल. गंमत अशी की चार्ये सोडलेल्या कित्येक ख्रिस्ती घरांत सुना अजून सकाळी पाचला उठून तळत असतात. विधी गेला, तळण राहिलं. पदार्थ वाटून घ्या आणि भांडी पुरुषांनी घासावीत.

पौर्णिमेच्या चंद्राकडे इच्छा मागायची का?

मागणं देवाकडे. चंद्र बघायला, त्याखाली हात धरून गांगगांगसुल्ले फेर धरायला काहीच हरकत नाही. स्तोत्र ८ गच्चीवर वाचायला तेव्हा बरं वाटतं.

चर्चमध्ये वेगळा कापणीचा सण असतोच ना?

असतो, कोरियात नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. तो अमेरिकन मिशनऱ्यांच्या पंचांगातून आला आणि तोवर शेतं रिकामी झालेली असतात, म्हणून काही मंडळ्यांनी उपकारस्तुती चुसॉकच्या आठवड्यातच आणली आहे. वसई आणि मुंबईतल्या कॅथलिकांना हे नवं वाटणार नाही. आगेरा या त्यांच्या कापणीच्या सणाला नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेतात ती याच विचाराने.

कोरियन ख्रिस्ती घरात सणाला बोलावलंय. मराठी पाहुण्याने काय न्यावं?

फळांची पेटी सगळ्यांत सुरक्षित. नाशपाती आणि सफरचंद या दिवसांत हमखास देतात. हॅमच्या डब्यांचा नाहीतर खाद्यतेलाचा सुबक संच हीही तिथली नेहमीची भेट आहे, हसू नका. प्रॉटेस्टंट घरी मद्य नेऊ नका. कॅथलिक घरी बहुधा चालतं, तरी आधी विचारा. मोज्यांना भोक नाही ना ते बघा, बूट दारातच काढावे लागतात. यजमानांच्या आईवडिलांना नावाने हाक मारू नका. ओळख असलेल्या मित्राची आई ‘ऑमॉनी’, वडील ‘आबॉजी’.

पुण्याहून व्हिडिओवर उपासनेत सामील व्हायचं असेल तर कोरिया आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळचे आठ म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. दहाची वेळ मागून घ्या, आणि गाताना आपला मायक्रोफोन बंद ठेवा. आवाज मागून येतो आणि सगळ्यांचा ताल चुकतो.